चाळीस इंजेक्शनांची वही : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मार्चच्या अंकात मी माझ्या दुखण्याबद्दल दोन पानं लिहिली होती. त्यानंतर संपादकांनी पिशवी भरून पत्रं पाठवली आणि म्हणाले, उत्तरंही तुम्हीच द्या. सगळी पत्रं वाचली. काही इतकी खाजगी आहेत की ती छापायची नाहीत, त्यांना मी स्वतंत्र पत्रं लिहिली. उरलेल्यांतले सहा प्रश्न इथे घेतोय.

ज्यांनी मार्चचा अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, कराडला. २००९ साली निवृत्त झालो. मार्च २०१३ मध्ये प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला. पीएसए (या रोगाचा माग देणारी रक्ततपासणी) ४६, ग्लीसन (पेशी किती आक्रमक ते सांगणारा आकडा) दहापैकी ८, गाठ ग्रंथीच्या बाहेर आलेली, पण हाडं तेव्हा स्वच्छ होती. तीन वर्षं दर तीन महिन्यांनी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन आणि मध्ये ३७ दिवस लाईट, म्हणजे किरणोपचार, घेतली. मग अडीच वर्षं औषधातून सुट्टी मिळाली. २०१८ साली कमरेच्या हाडात दोन ठिकाणी रोग दिसला, तेव्हापासून पुन्हा इंजेक्शनं आणि २०१९ पासून अ‍ॅबिराटेरोनच्या, उरलंसुरलं हार्मोनही तयार होऊ न देणाऱ्या, गोळ्या. गाड्यांची नोंद ठेवायची जन्माची सवय, म्हणून दुखण्याचीही वही ठेवली. या मे महिन्यात वहीत चाळिसावं इंजेक्शन लिहिलं. मी डॉक्टर नाही. खाली जे आहे ते माझ्या अंगावरून गेलेलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलेलं आहे. डोस मात्र तुमचे डॉक्टर सांगतील तोच.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे. चार वर्षांपासून प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत गेलेला. आठवड्यापासून पाठ फार दुखते, रात्री झोपू देत नाही. कालपासून म्हणतात पाय जड झालेत, जिना चढवत नाही. पुढची तारीख दोन आठवड्यांनी आहे. तोवर कोणती गोळी द्यावी? (एक मुलगा, लातूर)

हे पत्र हाती आलं त्याच दुपारी संपादकांकडून नंबर घेऊन मी लातूरला फोन केला आणि सांगितलं, तारखेची वाट पाहू नका, आत्ता गाडी काढा. छापायला म्हणून हे उत्तर आज लिहितोय. वडिलांचा त्याच रात्री एमआरआय झाला. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. स्टिरॉइड चालू केलं, दुसऱ्या दिवसापासून पाठीला लाईट सुरू झाली. मुलाचा परवा फोन आला, वडील काठी घेऊन संडासापर्यंत जातात.

हे मी सगळ्यांत आधी घेतलं, कारण ज्यांचा रोग हाडांत आहे त्या प्रत्येकाच्या घरी हे माहीत असायला हवं. पाठीचं साधं दुखणं आडवं झालं की कमी होतं. हे दुखणं आडवं झालं की वाढतं, खोकला-शिंक आली की कळ जाते, कधी छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. त्यानंतर पाय जड होतात, बसायच्या जागेला बधिरपणा येतो, लघवी अडते किंवा कळत नकळत होऊन जाते. यातलं एकही दिसलं की तो दिवस दवाखान्याचा, मग रविवार असो की दिवाळी. उपचार सुरू होताना जो माणूस स्वतःच्या पायावर चालतोय तो बहुतेक वेळा पुढेही चालत राहतो. पाय पूर्ण गेल्यावर पोचलं तर ते परत येतीलच असं नाही. दारावर अडवलं तर केसपेपर काढणाऱ्याला एवढंच वाक्य सांगायचं : "कॅन्सरचा पेशंट आहे, हाडांत पसरलाय आणि पायातली ताकद जातेय." या वाक्यावर कोणीही शहाणा डॉक्टर उठून येतो.

हाडांचा विषय निघालाच आहे तर माझं सांगतो. हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं घेतली की हाडं विरळ होतात. हे मला २०२० मध्ये कळलं, स्वयंपाकघरात गॅसची टाकी हलवताना पाठीत कट्‌कन आवाज झाला तेव्हा. मणका दबला होता. आधी वाटलं रोगच वाढला, पण नव्हता. हाड ठिसूळ झालं होतं. तोवर अठरा इंजेक्शनं झाली होती आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी एकदाही झाली नव्हती. कुणी सांगितली नाही, मी विचारली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती तपासणी साधी आहे, झोपून घेतात, दुखत नाही. इंजेक्शन सुरू होतानाच डेक्सा मागून घ्या, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाचं विचारा. हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब सुचवलं तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि काढायचे दात काढून घ्या. ही औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून भरत नाही असं काहींचं होतं. माझे दोन दात मी आधीच काढून घेतले.

प्रश्न : वय ६४. हाडांत पसरलेला निघाला तेव्हा पीएसए ११२ होता. पोटावर दोन इंजेक्शनं झाली, आता ०.४ आहे. दुखणंही गेलं. म्हणजे बरा झालो ना? शेजारी म्हणतात आता कशाला पैसे घालवता. (एक वाचक, बार्शी)

दुखणं गेलं हे वाचून फार बरं वाटलं. माझाही पीएसए ४६ वरून ०.२ वर आला तेव्हा मी घरी पेढे आणले होते. पण इंजेक्शन थांबवू नका.

हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर, पोसतो. हे शिकागोत चार्ल्स हगिन्स नावाच्या सर्जननी १९४१ साली दाखवून दिलं : वृषणं काढली की प्रोस्टेटचा पसरलेला कॅन्सर आकसतो, हाडांचं दुखणं थांबतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडे परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. या दोन गोष्टींचं साल एकच आहे हे मला फार वर्षांनी कळलं, आणि तेव्हापासून परळच्या त्या फाटकातून आत जाताना दर वेळी आठवतं. हगिन्सना १९६६ साली नोबेल मिळालं. तुमचं-माझं इंजेक्शन म्हणजे त्याच शोधाचं पुढचं रूप आहे. मेंदूतून वृषणांना थांबून थांबून निरोप जातो, "हार्मोन तयार कर." इंजेक्शन तो निरोप सतत वाजवत ठेवतं. आगारात हॉर्न सारखा वाजत राहिला की कुणी मान वर करत नाही, तसं होऊन कारखाना बंद पडतो. मात्र सुरुवातीच्या काही दिवसांत उलट हार्मोन उसळतं, म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आसपास काही आठवडे बायकॅल्युटामाइडसारखी गोळी देतात. तुम्हालाही दिली असेल.

तर तुमचा रोग उपाशी ठेवलाय. ज्या पेशी उरल्यात त्या हार्मोन मिळालं की उठतील. पीएसए उतरणं हा उपचार लागू पडल्याचा पुरावा आहे, रोग संपल्याचा नाही.

पुढच्या तारखेला डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : "इंजेक्शनबरोबर मला सुरुवातीपासूनच दुसरी गोळी द्यायची का?" २०१३ साली माझ्या वेळी हा विचार नव्हता. २०१७ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले, त्यांत पसरलेल्या रोगात इंजेक्शनला अ‍ॅबिराटेरोनची जोड सुरुवातीलाच दिली तर माणसं जास्त जगली. आता त्या जातीच्या आणखीही गोळ्या आहेत. तुमच्या हृदयाला, यकृताला, खिशाला कोणती झेपेल ते डॉक्टर ठरवतील, पण प्रश्न तुम्ही विचारा.

पैशाचं तुम्ही नुसतं शेजाऱ्यांच्या तोंडून लिहिलंय, पण मला वाटतं अडचण खरी आहे. मग इंजेक्शन बुडवण्याऐवजी हे करा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. आणि दुसरं, वृषणं काढण्याचं छोटं ऑपरेशन आजही होतं. एकदाच खर्च, परिणाम इंजेक्शनइतकाच, तारीख चुकायची भीती नाही. आमच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्यानं कराडपासून चाळीस किलोमीटरवर राहत असल्यामुळे तेच निवडलं आणि सात वर्षं ऊस लावतोय. मला ते नको होतं, कारण मनाला पटत नव्हतं. शिवाय ते कायमचं असतं, मागे फिरता येत नाही. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात.

प्रश्न : अ‍ॅबिराटेरोन चालू आहे. काय खावं, काय टाळावं? हळद, गोमूत्र, डाळिंबाचा रस यांनी फरक पडतो का? (सांगली, मिरज आणि इचलकरंजी इथून तीन पत्रं)

हळद भाजीत घाला, डाळिंब आवडत असेल तर खा. यांनी कॅन्सर उतरत नाही. गोमूत्राच्या नादानं एकानं गोळ्या सोडल्याचं मी जवळून पाहिलंय, म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

तुमच्या गोळ्यांना मात्र जेवणाशी खरोखर कर्तव्य आहे. अ‍ॅबिराटेरोन रिकाम्या पोटी घ्यायची असते : आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. भरल्या पोटी, त्यातून तेलकट खाण्यावर घेतली तर रक्तात कितीतरी पट जास्त शोषली जाते. मी पहाटे पाचला चारही गोळ्या पाण्याबरोबर घेतो, चहा सहा वाजून गेल्यावर. काही डॉक्टर खर्च वाचावा म्हणून एकच गोळी हलक्या नाश्त्याबरोबर द्यायला सांगतात, तसा अभ्यास झालेला आहे. पण ते डॉक्टरांनी विचार करून सांगितलेलं असतं, आपण घरी ठरवायचं नाही. सोबतची प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी कधीही एकदम बंद करायची नाही.

या गोळीनं रक्तदाब वाढतो, पाय सुजतात, पोटॅशियम उतरतं. २०१९ च्या पावसाळ्यात रात्री माझ्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मला वाटलं वय झालं. पोटॅशियम २.९ निघालं, जे ३.५ च्या वर असावं लागतं, आणि एवढं उतरलं की हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो. तेव्हापासून रक्तदाब आठवड्यातून दोनदा वहीत लिहितो आणि पोटॅशियम, यकृत यांची तपासणी तारखेला चुकवत नाही.

आणि वजन. इंजेक्शननं स्नायू उतरतात, पोट वाढतं, साखर चढते. माझं पहिल्या वर्षात नऊ किलो वाढलं. डाळ, अंडं, ताक ठेवा, गोड कमी करा. व्यायामात नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूंना वजन द्यावं लागतं. मी दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलतो आणि खुर्चीतून हात न टेकता वीस वेळा उठतो-बसतो. मणका दबलेला असल्यानं हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलं. सगळ्यांना जो थकवा येतो, सकाळी उठल्यावरच दमल्यासारखं वाटतं, त्यावर मला गोळ्यांपेक्षा याचाच उपयोग झाला.

प्रश्न : रोबोटनं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. पीएसए शून्याच्या जवळ आहे, डॉक्टर खूश आहेत. पण खोकलं, उठलं, हसलं की लघवी गळते. दिवसाला चार पॅड लागतात. कट्ट्यावर जाणं बंद केलं. पाणी कमी केलं तरी फरक नाही. (एक वाचक, पुणे)

माझं ऑपरेशन झालेलं नाही, त्यामुळे हे उत्तर मी आमच्या रुग्णांच्या गटातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना विचारून लिहितोय. त्यांचं ऑपरेशन २०१७ साली झालं. चौथ्या महिन्यात तेही दिवसाला पाच पॅडवर होते. नवव्या महिन्यात एकावर आले. आता लांबच्या प्रवासाला निघाले तरच लावतात. ऑपरेशननंतर सहा महिने ते वर्षभर सुधारणा होत राहते, चार महिन्यांवर हिशोब करून टाकू नका.

पाणी कमी करू नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चिडतं. चहा कमी करा, संध्याकाळी सातनंतर नकोच.

व्यायाम : चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण ज्या स्नायूला आत ओढतो तो स्नायू. तो आवळायचा, पाच अंक मोजायचे, सोडून पाच अंक मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, कुल्हे आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. मुख्याध्यापक म्हणतात, पहिले दोन महिने ते चुकीचा स्नायू आवळत होते. पुण्यात यातल्या जाणकार फिजिओथेरपिस्ट आहेत, एकदा जाऊन बरोबर स्नायू ओळखून घ्या. आणि उठायच्या, शिंकायच्या, पिशवी उचलायच्या आधी तो आवळायची सवय लावा, तिथेच खरा फरक पडतो. वर्षानंतरही कपडे भिजतच असतील तर ऑपरेशननं बसवायची कृत्रिम झडप असते. हे तुमच्या सर्जनना आताच विचारून ठेवा म्हणजे धास्ती कमी होईल.

लाईट घेतलेल्यांचं वेगळं असतं. मला गळत नाही, पण लागली की थांबता येत नाही. आणि लाईट संपून दीड वर्षानं शौचावाटे रक्त पडलं. आतड्याचा शेवटचा भाग शेजारीच असतो, त्याला झळ लागते आणि ती इतकी उशिरा बाहेर येते. दुर्बिणीतून दोनदा रक्तवाहिन्या जाळून घेतल्यावर थांबलं. लाईट घेतलेल्या कुणाची अशी दुर्बीण होणार असेल तर त्या डॉक्टरांना "मला तिथे लाईट दिलेली आहे" हे आधी सांगा. लाईट लागलेल्या जागेचा तुकडा घेतला तर जखम भरत नाही असं होऊ शकतं.

कट्ट्यावर जा. गडद रंगाची पँट, पिशवीत एक पॅड, बसायची जागा कडेला. मी २०१५ साली पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव चाललो. पहाटे निघताना कुठे कुठे संडासाची सोय आहे ते मुक्कामावरच्या स्वयंसेवकाला विचारून घेतलं. त्यानं मला सांगितलं नाही, दाखवायला सोबत आला. तुमच्या कट्ट्यावर साठीच्या पुढचे दहा जण असतील तर लघवीचं काही ना काही निम्म्यांना असणार.

प्रश्न : वडिलांना ५९ व्या वर्षी निघाला. मी ४३ चा आहे. मला काही करावं लागेल का? (एक वाचक, मडगाव)

वडिलांना किंवा भावाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. घाबरून जायचं कारण नाही, पण पंचेचाळिशीच्या आत युरॉलॉजिस्टला एकदा भेटून पीएसए कधीपासून आणि किती वर्षांनी करायचा ते ठरवून घ्या. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस शरीरसंबंध आणि सायकल टाळा, लघवीला जळजळ असेल तर ती बरी होऊ द्या, कारण या सगळ्यांनी आकडा वाढतो. आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा, बीआरसीए-२ नावाच्या जनुकातला दोष त्या कॅन्सरांना आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरलाही कारण ठरू शकतो. आकडा वाढला की लगेच तुकडा काढत नाहीत, आता बहुतेक ठिकाणी आधी एमआरआय करतात. आणि सौम्य जातीचा निघाला तर काहीही न कापता वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवतात. माझ्या दोन्ही मुलांना मी हे कागदावर लिहून दिलंय. मोठ्यानं तपासणी केली. धाकटा टाळतोय, त्याच्या मागे लागलोय.

प्रश्न : ह्यांचं वय ५८. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन, मग लाईट, आता इंजेक्शनं. पूर्वी शांत होते. आता जरा जरा गोष्टीवर ओरडतात आणि टीव्हीवर मालिका बघताना रडतात. वर्षभर बाहेरच्या खोलीत झोपतात. मी जवळ बसले की उठून जातात. कुणाला विचारू? मी नकोशी झाले का? (एक भगिनी, चिपळूण)

ताई, तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. ही ऐकत होती. म्हणाली, "हे पत्र मी लिहिलंय असं वाटतंय."

तुम्ही नकोशा झालेल्या नाही. पण हे मी सांगून तुम्हाला पटणार नाही, म्हणून माझं काय झालं ते लिहितो.

२०१३ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या इंजेक्शननंतर, मला वाफा यायला लागल्या. छातीतून गरम लाट उठायची, मान, तोंड, डोकं घामानं निथळायचं, आणि पाच मिनिटांत थंडी वाजायची. बायकांना पाळी जाताना होतं तेच हे, आणि कारणही तेच, हार्मोन एकदम जाणं. दिवसातून दहा-बारा वेळा, रात्री चार वेळा. चादर ओली व्हायची. हिला झोप लागत नाही असं सांगून मी खाट बाहेरच्या खोलीत टाकली.

खरं कारण ते नव्हतं. इच्छा म्हणून जी असते ती माझ्यातून पूर्ण गेली होती. कमी झाली नव्हती, नव्हतीच. छातीला हात लावला तर दुखायची, जराशी फुगली होती. अंगावरचे केस गेले. आरशात बघवत नव्हतं. आणि हिनं सहज खांद्यावर हात ठेवला तरी मला वाटायचं, आता पुढे काही अपेक्षा असेल आणि मला ते जमणार नाही. म्हणून हात ठेवायच्या आधीच मी उठायचो. पुतणीच्या पाठवणीला मी असा रडलो की मुलीचा बाप कोण ते पाहुण्यांना कळेना. नातवानं पाणी सांडलं म्हणून त्याच्या अंगावर धावलो, तो आठ दिवस माझ्याजवळ आला नाही. हे सगळं इंजेक्शननं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं मी माणूस म्हणून बिघडलो.

असं दीड वर्षाच्या वर चाललं. २०१५ च्या जानेवारीत एका रात्री दोन वाजता मी अंगणात उघडा उभा होतो, वाफ आली होती म्हणून. कडाक्याची थंडी. ही टॉवेल घेऊन बाहेर आली, माझी पाठ पुसली आणि म्हणाली, "अहो, मला वाटलं तुम्हाला माझा कंटाळा आला. तोंडावर सांगवत नाही म्हणून बाहेर झोपता." मी तिथे पायरीवर बसलो आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं, छातीपासून सगळं. ती म्हणाली, "एवढंच होय? मी सासरी आल्यापासून सगळ्यात वाईट विचार केला होता."

पुढच्या तारखेला ती माझ्याबरोबर आत आली. आठ इंजेक्शनं होईपर्यंत बाहेर बाकड्यावर बसायची. डॉक्टर पीएसए बघून "छान" म्हणाले आणि पुढची चिठ्ठी लिहायला लागले. हिनं विचारलं, "यांना माझ्याजवळ बसायचीही लाज वाटते, रात्रभर भिजतात आणि लहान मुलासारखे रडतात. याला काही औषध आहे का?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. त्या दिवशी आम्ही पंचवीस मिनिटं आत होतो. वाफांसाठी गोळी मिळाली, निम्म्या झाल्या. मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे सहा महिने गोळी आणि बोलणं दोन्ही चाललं. इंजेक्शनवर असलेल्या पुरुषांना उदासपणाचा आजार जास्त होतो आणि तो बरा होतो, हे मला तिथे समजलं. तोवर माझ्या फाईलमध्ये वीस रिपोर्ट होते आणि यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण मी एकदाही बोललो नव्हतो.

तुमच्या ह्यांना ऑपरेशनही झालंय, म्हणजे ताठरपणा आणणाऱ्या नसांनाही धक्का बसलेला असू शकतो. त्यासाठी गोळ्या आहेत, हवेच्या पोकळीवर चालणारं उपकरण आहे, इंजेक्शन आहे. पण हार्मोन बंद असेपर्यंत इच्छाच नसते, म्हणून नुसत्या गोळीनं निराशा पदरी येऊ शकते. हृदयासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेत असतील तर यातल्या गोळ्या अजिबात नाहीत, जिवावर बेततं. मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. तुम्ही आधी एवढं विचारा : इंजेक्शनं किती महिने आहेत? लाईटबरोबरची इंजेक्शनं पुष्कळदा ठराविक मुदतीची असतात. माझी डिसेंबर २०१५ ला संपली. हार्मोन परत यायला सात-आठ महिने लागले. आधी वाफा गेल्या, मग दाढी भराभर वाढायला लागली, मग हसू. इच्छा आली, पूर्वीइतकी नाही. ती अडीच वर्षं आमची फार चांगली गेली.

२०१८ मध्ये पुन्हा इंजेक्शन सुरू करायचं ठरलं, तेव्हा पहिल्या सुईच्या आधी आम्ही दोघांनी बसून बोलून घेतलं. खाट हलवायची नाही हे ठरलं. दोन चादरी वेगळ्या, पंखा माझ्या बाजूला, उशाशी सुती पंचा. जवळ बसलं म्हणजे पुढे काही व्हायलाच हवं असं नाही, हेही ठरलं, आणि खरं सांगतो, हे ठरल्यावरच मला तिच्याजवळ बसवायला लागलं. ती रात्री माझ्या पाठीला तेल लावते, मी तिचे गुडघे चेपतो. सात वर्षं झाली. रडू अजून येतं. आता ती विचारत नाही काय झालं, टीव्हीचा आवाज कमी करते.

ह्यांना हे पान वाचायला द्या. हातात देऊ नका, चहाच्या कपाखाली ठेवा. भांडणात हा विषय काढू नका. पुढच्या तारखेला तुम्ही आत जा, ते नको म्हणाले तरी. आणि ते कधी "जगून काय करायचं" असं बोलले तर ते रागात बोलले असं समजून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तुमची स्वतःची झोप किती होते तेही डॉक्टरांना सांगा. दोन वर्षं तुम्हीही झोपलेल्या नसणार.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढलात की कराड लांब नाही. दोघं या. ही म्हणते, ताईंना माझ्याकडे सोडा, तुम्ही दोघं पुरुष अंगणात बसा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझं एकेचाळिसावं इंजेक्शन आहे, तो आठवडा सोडून कधीही. पत्ता संपादकांकडे ठेवलाय. घाटात धुकं असतं, सकाळी उशिरा निघा.